सॅनिटायझरला न जुमानणारा ताप

पत्र

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याला एकदम ताप भरला, १०२–१०३. घसा लालभडक, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, दोन्ही डोळे लाल आणि सारखे गळणारे. जवळच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं. तीन दिवसांत काडीचा फरक पडला नाही. रक्त तपासलं तर सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, ५२. मग बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी जीभ, ओठ, तळहात, तळपाय सगळं निरखून पाहिलं, घशातला स्वॅब पाठवला. तो ॲडिनोव्हायरसचा आला, आणि त्यांनी चालू असलेलं अँटिबायोटिक बंदच केलं! फक्त पॅरासिटामॉल आणि पाणी. सासूबाई म्हणाल्या, एवढी फी घेऊन औषध काढून घेणारा डॉक्टर पहिल्यांदाच पाहिला. ताप आठव्या दिवशी आपोआप उतरला.

घरात सॅनिटायझरच्या दोन मोठ्या बाटल्या संपवल्या, तरी नवव्या दिवशी मोठ्या मुलीचे डोळे आले. यांनी मेडिकलमधून ड्रॉप्स आणले, त्याने लाली झटक्यात कमी झाली. पण अजून तिला उजेड नकोसा वाटतो. सासरे व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवतात की कोविशिल्डमध्ये हाच विषाणू होता, म्हणून तो आता घराघरांत पसरलाय. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते. ती विचारते, साबण-सॅनिटायझरने विषाणूचं कवच विरघळतं ना, मग हा कसा टिकला? बालरोगतज्ज्ञांचं बरोबर होतं का? आणि मुलाला शाळेत, पोहायला कधी पाठवू?

— एक आई, इचलकरंजी

उत्तर

तुमच्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो नीट सोडवला की तुमच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात.

करोनाच्या काळात आपण सगळे एक गोष्ट शिकलो: साबण आणि अल्कोहोल विषाणूचं बाहेरचं आवरण विरघळवतात. करोनाच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. त्याच्याभोवती चरबीचा एक पातळ पापुद्रा असतो. तो विषाणूचा स्वतःचा नसतो, ज्या पेशीतून तो बाहेर पडतो तिच्याच पडद्याचा तुकडा अंगाभोवती घेऊन तो निघतो. इन्फ्लुएन्झा, डेंग्यू, एचआयव्ही या सगळ्यांना असं आवरण आहे. चरबी अल्कोहोलमध्ये विरघळते, आवरण गेलं की विषाणू निकामी.

ॲडिनोव्हायरसला ते आवरणच नाही. त्याच्याकडे आहे फक्त कॅप्सिड, म्हणजे प्रथिनांचं घट्ट कवच, आणि त्याच्या आत डीएनए. मुलीला सांगा, परीक्षेतही नेमकी इथेच गल्लत होते: कॅप्सिड प्रत्येक विषाणूला असतं, चरबीचं आवरण काहींनाच. आणि ऐकायला उलटं वाटेल, पण आवरण नसलेले विषाणू बाहेरच्या जगात जास्त चिवट असतात. ॲडिनोव्हायरस कोरड्या प्लास्टिकवर, दाराच्या मुठीवर काही आठवडेसुद्धा तग धरू शकतो. पोटातलं आम्ल आणि पित्तही तो पचवतो. म्हणूनच घसा आणि डोळ्यांबरोबर तो आतड्यातही वाढतो. त्याच्या ४० आणि ४१ या प्रकारांमुळे तर लहान मुलांना जुलाबच होतात.

कवचाची रचना मात्र बघण्यासारखी आहे. वीस त्रिकोणी पृष्ठं, बारा कोपरे. पृष्ठांवर हेक्सॉन नावाचे २४० घटक, प्रत्येक हेक्सॉन एकाच प्रथिनाच्या तीन प्रतींचा. बारा कोपऱ्यांवर बारा पेंटॉन आणि प्रत्येक पेंटॉनमधून बाहेर आलेला एक लांब धागा, टोकाला गाठ असलेला. त्याला फायबर म्हणतात. या सगळ्याचा व्यास साधारण ९० नॅनोमीटर. मिलिमीटरभर ओळीत असे अकरा हजार कण सहज मावतील. आतला डीएनए सुमारे ३६ हजार अक्षरी जोड्यांचा, तर आपल्या एका पेशीतला एक संच ३०० कोटी जोड्यांचा. एवढ्याशा सामग्रीवर तो सहा वर्षांच्या पोराला आठ दिवस अंथरुणाला खिळवतो.

आता तुमच्या त्या दोन बाटल्या. अल्कोहोलचा ॲडिनोव्हायरसवर अजिबात परिणाम होत नाही असं नाही, पण करोनावर जसा भरवसा ठेवता आला तसा इथे ठेवता येत नाही. तळहातावर चार थेंब चोळून दहा सेकंदांत कामाला लागलो तर तो बऱ्यापैकी शिल्लक राहतो. साबणाचं काम इथे वेगळं आहे. तो हे कवच फोडत नाही, पण हातावरचा मळ आणि तेलकटपणा सोडवतो, आणि त्याबरोबर चिकटलेले कण वाहत्या पाण्याबरोबर मोरीत जातात. त्यामुळे या विषाणूसाठी साबण लावण्याइतकंच चोळणं आणि भरपूर पाण्याने धुणं महत्त्वाचं. बादलीत हात बुडवून काढणं म्हणजे धुणं नव्हे.

वस्तूंसाठी क्लोरीन वापरा. बाजारात मिळणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या बाटलीवर चार-पाच टक्के लिहिलेलं असेल, तर लिटरभर पाण्यात साधारण २० मिली घाला, दाराच्या मुठी, नळ, रिमोट, बाथरूम पुसा, दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. हातांना लावू नका. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. टॉवेल, उशीचे अभ्रे, रुमाल गरम पाण्यात धुऊन उन्हात घाला. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, आणि आजारी मुलाचे डोळे पुसायला कापसाचे बोळे किंवा टिश्यू, तेही एकदा वापरून टाकायचे. पदराने सगळ्यांचे डोळे पुसायची आपली सवय या एका आजारात घातक ठरते. तुमच्या मुलीचे डोळे बहुधा अशाच कुठल्या तरी वाटेने आले असावेत. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ जातो, त्यामुळे नववा दिवस हिशोबात चपखल बसतो.

बालरोगतज्ज्ञांनी अँटिबायोटिक का काढलं, हे समजायला विषाणू वाढतो कसा ते पाहावं लागेल.

जिवाणू स्वतंत्र पेशी असते. ती खाते, वाढते, एकाची दोन होते. तिला स्वतःची पेशीभित्ती असते, प्रथिनं बनवणारे स्वतःचे रायबोसोम असतात. अँटिबायोटिक्स नेमकी या गोष्टींवर घाव घालतात: पेनिसिलीनच्या कुळातली भित्तीवर, अझिथ्रोमायसिन रायबोसोमवर. विषाणूकडे यातलं काहीच नाही. भित्ती नाही, रायबोसोम नाही, स्वतःची ऊर्जा नाही. घाव घालायला जागाच नाही.

विषाणू दुभंगून वाढत नाही. तो आपल्या पेशीत शिरून तिच्याकडून स्वतःचे सुटे भाग बनवून घेतो आणि शेवटी ते जोडले जातात. तुम्ही इचलकरंजीच्या, तेव्हा तुम्हाला हे एका वाक्यात सांगता येईल: माग तुमचे, सूत तुमचं, वीजबिल तुमचं, फक्त डिझाइन बाहेरच्या माणसाचं, आणि माग थांबतो तो जळाल्यावरच.

हे घडतं कसं? फायबरच्या टोकाची गाठ घशातल्या किंवा डोळ्यातल्या पेशीवरच्या एका ठरावीक प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला जाऊन चिकटते. बऱ्याच ॲडिनोव्हायरसांसाठी हा रिसेप्टर ‘कार’ नावाचा. गंमत म्हणजे तो मुळात शेजारच्या पेशी एकमेकींना जोडून ठेवायच्या कामासाठी आहे. मग कोपऱ्यावरचं पेंटॉन पेशीवरच्या इंटिग्रिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला पकडतं, आणि पेशी स्वतःच त्या कणाला पडद्याच्या पिशवीत गुंडाळून आत ओढून घेते. ही पिशवी आतून आम्लधर्मी होत जाते. इतर कुणाचं तिथे पचन झालं असतं. ॲडिनोव्हायरस मात्र फायबर टाकून देतो, कवच थोडं सैल करतो आणि आतल्या एका प्रथिनाने पिशवीच फाडतो. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून माल वाहणारी यंत्रणा त्याला केंद्रकापर्यंत नेऊन पोचवते. केंद्रकाच्या छिद्राशी कवच सुटतं आणि डीएनए आत. चिकटण्यापासून इथपर्यंत सगळं मिळून तासाभराचं काम.

इथून पुढचा भाग मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतो. शिकवताना मी इथे हमखास रेंगाळायचे. घशाच्या पृष्ठभागावरच्या बहुतेक पेशी विभाजन थांबवून स्वस्थ बसलेल्या असतात. विषाणूला स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढायला लागणारा कच्चा माल अशा पेशीत तयार नसतो. म्हणून तो सर्वांत आधी ‘ई१ए’ नावाचं जनुक चालू करतो. त्याचं प्रथिन पेशीच्या विभाजनावरचा ब्रेक, म्हणजे आरबी प्रथिन, बाजूला करतं. पेशीला वाटतं, आपण विभाजनाला निघालोय, आणि ती कच्चा माल बनवायला घेते. काहीतरी बिनसलंय हे पेशीतल्या पी५३ या रखवालदार प्रथिनाच्या लक्षात येतं. अशा वेळी ते पेशीला आत्महत्या करायला लावतं, म्हणजे विषाणूचा धंदा बुडाला. त्यावर ‘ई१बी’ पी५३ला गप्प करतं. आणि ‘ई३’ची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर धोक्याची खूण येऊच देत नाहीत, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशींना आत काय चाललंय याचा पत्ता उशिरा लागतो.

आरबी आणि पी५३ ही कर्करोगाच्या अभ्यासातली नावं आहेत, म्हणून घाबरू नका. १९६२ मध्ये ॲडिनोव्हायरसच्या १२ नंबरच्या प्रकाराने हॅमस्टरच्या पिलांत गाठी होतात हे दिसलं, आणि तेव्हा मोठी खळबळ उडाली. माणसात त्याने कर्करोग होतो असा पुरावा त्यानंतरच्या सहा दशकांत मिळालेला नाही.

पुढे डीएनएच्या प्रती निघतात, हेक्सॉन-पेंटॉनचे ढीग तयार होतात, केंद्रकातच कण जोडले जातात आणि दीड-एक दिवसात पेशी फुटते. एका पेशीतून दहा हजार ते लाखभर कण बाहेर पडतात. सगळेच काही संसर्ग करण्याइतके धड नसतात, पण शेजारच्या पेशींना पुरून उरतात. अशी तीन-चार आवर्तनं झाली की मुलाला ताप भरतो. शरीर त्या प्रकाराविरुद्ध प्रतिपिंडं आणि मारक पेशी तयार करायला आठवडाभर घेतं. आठव्या दिवशी ताप उतरला तो म्हणून. मधल्या दिवसांत कुठलंही अँटिबायोटिक देऊन तो एक तासही लवकर उतरला नसता. फार तर पोट बिघडलं असतं, अंगावर पुरळ उठलं असतं आणि मग ‘हे पुरळ औषधाचं की आजाराचं’ हा नवा घोळ.

बारावीच्या मुलीसाठी एक गोष्ट जाता जाता. आपली जनुकं सलग नसून तुकड्यातुकड्यांत असतात आणि आरएनए बनताना मधले तुकडे कापून टाकले जातात, हे स्प्लायसिंगचं प्रकरण तिच्या पुस्तकात आहे. ते १९७७ मध्ये सापडलं ते याच ॲडिनोव्हायरसमध्ये. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी विषाणूचा एमआरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर डीएनएचे काही भाग जोडीदाराविना बाहेर लोंबकळत असलेले दिसले. १९९३ चं नोबेल त्यासाठी मिळालं.

पहिल्या डॉक्टरांवर मी तोंडसुख घेणार नाही. ताप, सुजलेले टॉन्सिल आणि त्यावर पांढरे ठिपके हे चित्र स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचंही असतं, आणि तिथे अँटिबायोटिक लागतंच. फरक ओळखायची खूण डोळ्यांत होती. घसा दुखतोय आणि त्याच वेळी डोळे लाल होऊन गळतायत, नाकही वाहतंय, असं असलं की विषाणूचा संशय आधी घ्यायचा. ताप, घसा आणि डोळे हे त्रिकूट ॲडिनोव्हायरसचं, विशेषतः त्याच्या ३ नंबरच्या प्रकाराचं, ओळखीचं चित्र आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याचं वर्णन उन्हाळी शिबिरं आणि पोहण्याच्या तलावांबरोबरच येतं.

सीआरपीने मात्र भले भले फसतात. ‘वाढलेला सीआरपी म्हणजे जिवाणू’ असा एक सरधोपट नियम आपल्याकडे रूढ झालाय. ॲडिनोव्हायरस तो नियम सर्रास मोडतो. तो पेशी फोडतो, भरपूर सूज आणतो, त्यामुळे सीआरपी ५०–६० किंवा त्याहून वर आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या, असा रिपोर्ट येतो. कागदावरचा आकडा पाहून नव्हे, पोर पाहून निर्णय घ्यायचा असतो. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी तेच केलं. स्वॅबबद्दल एक सांगते: प्रत्येक तापाला ती महागडी तपासणी लागत नाही. पाच दिवस उलटले, अँटिबायोटिकचा गुण नाही, अशा वेळी तिचा उपयोग होतो, कारण ती अनावश्यक औषधं थांबवायला आधार देते.

आता त्यांनी जीभ, ओठ, तळहात, तळपाय का पाहिले. तुमच्या पत्रातलं हे वाक्य वाचून मी निश्चिंत झाले. पाच दिवस ताप आणि लाल डोळे असलेल्या लहान मुलात आणखी एक आजार मनात ठेवावाच लागतो: कावासाकी. जपानचे डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात डोळे लाल होतात पण सहसा चिकटा किंवा पाणी येत नाही. ओठ लाल होऊन फुटतात, जीभ स्ट्रॉबेरीसारखी खरखरीत लाल दिसते, तळहात-तळपाय लाल होऊन सुजतात, अंगावर पुरळ येतं, मानेत गाठ येते. ही सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. उपचार न झालेल्या मुलांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि ते टाळणारं इम्युनोग्लोब्युलिनचं औषध पहिल्या दहा दिवसांत द्यायचं असतं. घशात ॲडिनोव्हायरस सापडला म्हणून कावासाकी नाहीच, असंही छातीठोक म्हणता येत नाही. म्हणून त्यांनी डोळ्यांनी खात्री केली. सासूबाईंना सांगा, फी त्या पाहण्याची होती.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात आत्ता असा ताप आहे, त्यांनी हे लक्षात ठेवा. पाचव्या दिवशीही ताप असेल तर मुलाला पुन्हा दाखवायचंच. आणि श्वास जोरात चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर दिसतायत, मूल पीत नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही, झापड येते किंवा झटका आला, तर दिवस मोजत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. बहुतेक मुलांत हा आजार आपोआप बरा होतो, पण दोन वर्षांखालची बाळं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं यांना त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो. २०२३ च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये हेच झालं. कोलकात्याची बालरुग्णालयं भरून गेली, मुलं दगावली. तिथल्या नमुन्यांत ७ आणि ३ या दोन प्रकारांच्या सरमिसळीतून झालेला विषाणू सापडला होता. अशा गंभीर रुग्णांत, किंवा अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांत, सिडोफोव्हिर नावाचं औषध कधी कधी वापरतात, पण ते मूत्रपिंडाला त्रास देतं. घरच्या तापासाठी ते नाहीच. घरी पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे, दर किलोला १५ मिलीग्रॅमपर्यंत आणि दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही.

सासऱ्यांच्या मेसेजमध्ये एक कण खरा आहे, आणि असे मेसेज त्या एका कणावरच चालतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोविशिल्डमध्ये ॲडिनोव्हायरस होता, हे खरं. पण तो चिंपांझींमध्ये सापडणारा, माणसांत न फिरणारा. त्यातून ई१ आणि ई३ ही जनुकं काढून टाकलेली होती आणि तिथे करोनाच्या स्पाइक प्रथिनाचं जनुक घातलेलं होतं. वर सांगितलेली सगळी करामत ई१पासून सुरू होते, हे आठवा. ई१ नसेल तर विषाणू पेशीत शिरतो, केंद्रकापर्यंत पोचतो, स्पाइक बनवायची सूचना देतो आणि तिथेच संपतो. एका डोसमध्ये ५००० कोटी कण होते, त्यातला एकही आपल्या अंगात दुसरा कण तयार करू शकत नव्हता. कारखान्यात तो वाढवायचा तर ज्यांच्यात ई१ आधीच बसवलंय अशा खास पेशी वापराव्या लागतात. त्या लशीने अगदी क्वचित रक्तात गुठळ्या होत होत्या, हे मान्य झालेलं आहे. पण लशीतून ॲडिनोव्हायरसची साथ पसरणं शक्यच नाही. शिवाय भारतात कोविशिल्ड अठरा वर्षांवरच्यांनाच दिली गेली.

मुलांमधला ॲडिनोव्हायरस नवाही नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत वॉलेस रो आणि सहकाऱ्यांनी, ऑपरेशन करून काढलेल्या मुलांच्या ॲडेनॉइडच्या, म्हणजे नाकामागच्या टॉन्सिलसारख्या ग्रंथीच्या, पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, तर काही दिवसांनी त्या आपोआप मरू लागल्या. आत हा विषाणू दडलेला होता. पुढच्याच वर्षी मॉरिस हिलमन यांना तो तापाने आजारी पडलेल्या सैनिकांत सापडला. अमेरिकन सैन्याला ४ आणि ७ या प्रकारांविरुद्धची लस गोळीच्या रूपात देतात. मुलांसाठी लस नाही, कारण प्रकार पन्नासाहून जास्त आणि आजार बहुधा सौम्य. एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही, त्यामुळे तुमच्या मुलाला पुढे कधी दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग होऊ शकतो. तसं झालं तर त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे असं समजून टॉनिकं सुरू करू नका.

शाळेचं सोपं आहे. ताप औषधाशिवाय चोवीस तास उतरलेला, डोळ्यांतून पाणी-चिकटा थांबलेला आणि पोर खेळायला लागलेलं, की पाठवा. विषाणू पूर्ण गेल्याची वाट पाहाल तर वर्ष बुडेल, कारण तो शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो आणि टॉन्सिलमध्ये त्याहून जास्त काळ पडून राहू शकतो. म्हणून संडासहून आल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त पुढचे दोन महिने तरी कडक ठेवा. पोहायला मात्र डोळे पूर्ण निवळल्यावर आणखी दोन आठवडे नको. नंतर पाठवाल तेव्हा तलावाच्या पाण्यात क्लोरीन रोज तपासतात का, हे विचारा. पुरेसं क्लोरीन असलेल्या पाण्यात ॲडिनोव्हायरस टिकत नाही. जिथे क्लोरीनची हेळसांड होते तिथेच साथी झालेल्या आहेत.

मुलीच्या डोळ्यांचं सगळ्यात शेवटी लिहितेय, पण तुम्ही ते सगळ्यात आधी करा. लाली झटक्यात कमी झाली, हे वाचून मला बरं वाटलं नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘डोळे आल्याच्या’ ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. खोक्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं एखादं नाव दिसतंय का, बघा. स्टिरॉइडने सूज उतरते, डोळा पांढरा दिसतो आणि सगळ्यांना वाटतं गुण आला. प्रत्यक्षात विषाणूशी लढणारी यंत्रणा थंडावते आणि तो डोळ्यात जास्त दिवस राहतो. डोळे ॲडिनोव्हायरसने आले नसून हर्पीस या दुसऱ्या विषाणूने आले असतील, तर त्याच ड्रॉप्सने बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली तेव्हा सगळे सरसकट ‘ॲडिनो’ म्हणत होते, पण त्या वर्षीच्या नमुन्यांत कॉक्सॅकी ए२४ हा वेगळाच एन्टेरोव्हायरसही सापडला. नुसतं बघून मेडिकलवाल्याला हे कळणार नाही. तुम्हाला-मलाही नाही.

शिवाय तिला उजेड सहन होत नाही असं तुम्ही लिहिलंय. ॲडिनोव्हायरसचे ८, ३७ असे काही प्रकार पारदर्शक पडद्यापर्यंत जातात, तिथे बारीक पांढरट ठिपके उरतात आणि काही आठवडे, कधी महिने, धूसर दिसतं. त्यासाठी कधी कधी नेत्रतज्ज्ञ स्वतः स्टिरॉइड देतात, पण स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, डोळ्याचा दाब मोजून आणि हळूहळू कमी करत. तोवर थंड पाण्याच्या पट्ट्या आणि साधे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स चालतील. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असेल तर बंद. एकच बाटली दोघा भावंडांना वापरू नका.

उद्याच तिला नेत्रतज्ज्ञांकडे न्या. जाताना ड्रॉप्सची बाटली आणि खोका दोन्ही बरोबर घ्या, आणि दिवसातून किती वेळा, किती दिवस घातले, हे तिलाच सांगू द्या.